सहा रंगांचा ठोकळा आणि त्याची वेडी माणसं

(गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, मधुमेहावर, म्युच्युअल फंडावर आणि एकदा तर गच्चीवरच्या भाजीपाल्यावरही व्याख्यानं झाली. आजचा विषय खेळण्याचा आहे. सचिवांना मी 'रुबिक क्यूब' असं सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बालमेळाव्यात घालू का?" मी म्हटलं, नको, मोठ्यांच्यातच घाला. पुढच्या उत्सवात क्यूब सोडवण्याची स्पर्धा ठेवायचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे, आणि त्याविषयी मला काही बोलायचं आहे. पण आधी हा ठोकळा काय आहे ते पाहू.

१९७४ साल. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. एर्नो रुबिक नावाचा एकोणतीस वर्षांचा वास्तुविशारद तिथल्या उपयोजित कलांच्या महाविद्यालयात शिकवत होता. वडील ग्लायडर विमानांचे नामांकित अभियंते, आई कवयित्री. (दोन्हीकडचं थोडं थोडं मुलात उतरलं असावं, असं मला नेहमी वाटतं.) त्याच्यापुढचा प्रश्न रचनेचा होता : छोटे ठोकळे एकमेकांभोवती कसेही फिरावेत, पण सगळं मिळून एकसंध राहावं, सुटून पडू नये. त्यानं आधी लाकडी तुकडे रबरानं बांधून पाहिले. रबर तुटलं. मग त्यानं ठरवलं की तुकड्यांना बांधायचंच नाही, तुकड्यांनीच एकमेकांना धरून ठेवायचं.

टूलरूममध्ये हयात घालवलेल्या माणसाला यातलं सौंदर्य लगेच कळतं. क्यूब उघडला तर आत सहा हातांचा एक क्रॉस असतो. प्रत्येक हाताच्या टोकाला स्प्रिंग, स्क्रू आणि त्यावर मधला रंगीत चौकोन. हे सहा मधले चौकोन जागच्या जागी गरगरतात, पण एकमेकांच्या संदर्भात कधीच हलत नाहीत. उरले बारा कडेचे तुकडे आणि आठ कोपरे. त्यांना आतल्या बाजूनं छोटे पाय असतात. कोपऱ्याला कडेचे तुकडे अडवतात, कडेच्या तुकड्यांना मधले. कोणी कोणाला चिकटवलेलं नाही, तरी कोणी पडत नाही.

तुकड्यांना रंग देऊन रुबिकनं चार-दोन वेळा ते फिरवले, आणि मग त्याच्या लक्षात आलं की परत घरी कसं यायचं हे त्यालाच ठाऊक नाही. स्वतःच बनवलेलं कोडं सोडवायला त्याला सुमारे महिना लागला. सतरंजीवरच्या ज्या मंडळींना आठवड्यात जमलं नाही म्हणून रडू आलं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

१९७७ च्या अखेरीस हा ठोकळा 'जादूचा ठोकळा' अशा अर्थाच्या नावानं बुडापेस्टच्या दुकानांत आला. १९८० साली एका अमेरिकन कंपनीनं त्याला 'रुबिक्स क्यूब' हे नाव देऊन जगभर विकलं, आणि मग पूर आला. त्याच सुमारास आपल्याकडेही नकली क्यूब आले; चार दिवसांत ज्यांचे स्टिकर निघत ते. ते सोलून पुन्हा चिकटवून 'सोडवणारे' महाभाग आज या सभागृहातही आहेत. नावं घेत नाही.

पण रुबिक हा एकटाच वेडा नव्हता. अमेरिकेत लॅरी निकोल्स यांनी १९७२ सालीच दोन थरांच्या ठोकळ्याचं पेटंट मिळवलं होतं. त्यांचे तुकडे चुंबकांनी धरलेले होते. जपानमध्ये तेरुतोशी इशिगी यांनी स्वतंत्रपणे जवळपास तीच रचना शोधली. उवे मेफर्ट यांनी चार त्रिकोणी बाजूंचा 'पिरामिंक्स' केला. गंमत म्हणजे आजच्या वेगवान क्यूबमध्ये थर नेमके जागेवर बसावेत म्हणून पुन्हा चुंबकच घालतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, पाच मिनिटांत संपवतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 'अंकपाश' नावाचं एक प्रकरण आहे. त्यात ते विचारतात की शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं हात बदलून किती प्रकारे धरता येतील? उत्तर ३६,२८,८००. आणि हरीच्या चार हातांतली चार? चोवीस. आपल्या समोरच्या मूर्तीचे हातही चारच, म्हणजे हिशेब तोच. क्यूबची मोजणी याच रीतीनं होते. आठ कोपऱ्यांच्या जागांची अदलाबदल, प्रत्येक कोपऱ्याच्या तीन दिशा, बारा कडांच्या जागा, प्रत्येकीच्या दोन दिशा. त्यातून न जमणाऱ्या रचना वगळल्या की उरतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. लीलावतीतली मोजणी जिथे थांबते तो परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. हे ४३२ परार्धांच्या वर गेलं. सेकंदाला एक रचना बघत बसलात, तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या शंभरपट काळ लागेल. तात्पर्य, नुसतं फिरवत राहून क्यूब सुटत नाही.

मग सुटतो कसा? वहिनींना विचारा. मांडणीवर डबे दाटीनं लावले आहेत, मागच्या रांगेतला एक डबा हलवायचा आहे, पण पुढचे विस्कटायचे नाहीत. काय करता? पुढचा एक डबा काढून हातात धरता, मागचा सरकवता, आणि पुढचा होता तिथे परत ठेवता. क्यूबमध्येही हेच. पहिली एक हालचाल, मग दुसरी, मग पहिली उलटी, मग दुसरी उलटी. एवढ्यानं बहुतेक ठोकळा होता तसा राहतो आणि मोजकेच तुकडे जागा बदलतात. मुलं ज्यांना 'अल्गो' म्हणतात त्या सूत्रांपैकी बरीचशी या एका युक्तीची पिल्लं आहेत. जुळलेली बाजू मोडावी लागते म्हणून लहान मुलं हट्टानं अडून बसतात. जुळलेलं थोडं मोडल्याशिवाय पुढचं जुळत नाही, हे ज्या दिवशी मान्य होतं त्या दिवशी अर्धा क्यूब सुटतो.

कितीही विस्कटलेला क्यूब जास्तीत जास्त किती हालचालींत सोडवता येईल? यावर तीस वर्षं माणसं झटली. जुलै २०१० मध्ये टोमास रोकिकी, हर्बर्ट कोसिएम्बा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथ्रिज यांनी उत्तर पक्कं केलं : वीस. यासाठी गूगलनं संगणक दिले. एकट्या संगणकाला सुमारे ३५ वर्षं लागली असती इतकं ते काम होतं. सगळे तुकडे आपापल्या जागी, पण बाराही कडा उलट्या, अशी एक रचना आहे. तिला वीसच लागतात, हे १९९५ सालीच सिद्ध झालं होतं.

आता बनवणाऱ्यांकडे वळतो, कारण माझा जीव तिकडे आहे. इंग्लंडच्या टोनी फिशर यांनी १९८१ साली दोन क्यूब एकमेकांत जोडून सयामी जुळ्यांसारखा ठोकळा केला. त्या काळी थ्री-डी प्रिंटर कुठले? करवतीनं कापायचं, आपल्या एम-सीलसारखी पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासायचं, रंग लावायचे. आत यंत्रणा साध्या क्यूबची आणि बाहेर भलताच आकार, अशी कितीतरी कोडी या रीतीनं जन्माला आली. जपानचे हिदेतोशी ताकेजी यांचा 'मिरर' ठोकळा तर एकाच रंगाचा आहे. त्यात फक्त तुकड्यांची जाडी वेगवेगळी. विस्कटला की भूकंपात कोसळलेल्या इमारतीसारखा दिसतो. कात्सुहिको ओकामोतो यांनी असा क्यूब केला ज्याला मधला क्रॉसच नाही, आरपार भोक आहे. मी तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा भोकातून पलीकडची खिडकी दिसत होती आणि मला कळेना की हे धरलंय कशानं.

पण माझा आवडता किस्सा सात थरांच्या क्यूबचा आहे. पाच थरांचा क्यूब ऐंशीच्या दशकातच निघाला होता. सातचा का जमेना? एक थर ४५ अंशांत फिरवला की कोपऱ्याचे तुकडे चौकोनाबाहेर लटकतात. थर सहापर्यंत असतील तर कोपऱ्याचा थोडा भाग तरी खालच्या थरावर राहतो, आणि तिथूनच त्याला धरून ठेवणारा पाय आत नेता येतो. सात सारख्या थरांचा, सात सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. अर्धी बाजू ३.५ सेंटिमीटर. कोपऱ्याच्या आतल्या टोकाचं मध्यापासून अंतर ३.५४ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकानं कोपरा पूर्ण हवेत! त्याला धरणार कोण? ग्रीसच्या पानायोतिस वेर्देस यांनी बाहेरचे थर जाड केले, बाजूंना किंचित फुगवटा दिला, आत शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग वापरले, आणि २००८ साली सहा व सात थरांचे क्यूब बाजारात आणले. पुढे २०११ साली हॉलंडच्या ऑस्कर व्हॅन डेव्हेंटर यांनी सतरा थरांचा केला. १,५३९ भाग, सगळे थ्री-डी प्रिंटरवर काढलेले. एवढे बारके भाग रंगवून, निवडून, हातानं जोडणारा माणूस आपल्या टूलरूममध्ये असता तर त्याला मी खुर्ची दिली असती.

सोडवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पहिली जागतिक स्पर्धा १९८२ साली बुडापेस्टलाच झाली. व्हिएतनामी वंशाचा अमेरिकन मुलगा मिन्ह थाय २२.९५ सेकंदांत जिंकला. त्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाची जेसिका फ्रिड्रिक होती. तिनं विकसित केलेली पद्धत पुढे सगळ्यांसाठी खुली झाली, आणि आज बहुतेक वेगवान मंडळी त्याच वाटेनं जातात. (बाई पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाल्या; छायाचित्र नेमकं कोणत्या कॅमेऱ्यानं काढलं ते ओळखण्याच्या शास्त्रात त्यांचं मोठं काम आहे.) २००३ पर्यंत पुन्हा जागतिक स्पर्धा झाली नाही. २००४ साली वर्ल्ड क्यूब असोसिएशन स्थापन झाली आणि नियम बसले. बघायला १५ सेकंद, पाच वेळा सोडवायचा, सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ सोडून उरलेल्या तिघांची सरासरी.

२०२३ साली मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणानं ३.१३ सेकंदांत क्यूब सोडवला; २०२५ साली चीनच्या शुआनयी गेंग या छोट्या मुलानं ३.०५ सेकंदांत. यातला मॅक्स स्वमग्न आहे. बोटांना वळण लागावं, चार माणसांत मिसळता यावं, म्हणून आई-वडिलांनी त्याच्या हातात क्यूब दिला. ऑस्ट्रेलियाचा फेलिक्स झेमडेग्स आधीचा विक्रमवीर. मॅक्सनं एकेक विक्रम मोडत नेला आणि फेलिक्स दर वेळी त्याचं मनापासून अभिनंदन करत गेला. त्या मैत्रीवर २०२० साली माहितीपट निघाला. या स्पर्धांमधली मला सगळ्यात भावलेली रीत अशी की स्पर्धकच एकमेकांचे पंच असतात. तुमच्या टेबलाशी उभं राहून तुमची वेळ लिहून घेणारा मुलगा पुढच्या फेरीत तुमचा प्रतिस्पर्धी असू शकतो.

डोळे बांधून सोडवणारेही आहेत. ग्रॅहम सिगिन्स या अमेरिकन मुलानं २०२२ साली ६५ क्यूब पाठ करून, मग डोळे बांधून त्यांतले ६२ सोडवले, तासाच्या आत. युक्ती अशी की कोपऱ्यांचे रंगीत चौकोन चोवीस आणि कडांचेही चोवीस; प्रत्येकाला एकेक अक्षर द्यायचं आणि अक्षरांचे शब्द करून गोष्ट रचायची. आपल्या कॉलनीतल्या एका मुलानं त्यासाठी मराठी अक्षरं घेतली. 'क' पासून 'र' पर्यंत, त्यातून ङ, ञ, ण वगळले की बरोबर चोवीस! इंग्रजीत दोन व्यंजनं शेजारी आली की तोंड वाकडं होतं. मराठीत न-थ, ढ-ग, म-ध, फ-ट; लगेच शब्द तयार. नथ घातलेला ढग मध शोधायला फटीत शिरला, झाले आठ चौकोन पाठ.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या ओळखीतली, आठवीत शिकणारी एक मुलगी. नाव सांगत नाही. तिनं कोणताही क्लास न लावता चार महिने घालवून क्यूब स्वतः सोडवला. मग एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेला वडिलांनी तिला नेलं. तिथे क्यूब आयोजकांनीच वाटले होते. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्या फेरीत क्यूब बदलला. शेवटी सगळं जुळलं आणि एकच कोपरा जागच्या जागी फिरलेला राहिला. तिनं हात वर केला आणि म्हणाली, "काका, हा सुटणारच नाही." टेबलाजवळचे गृहस्थ हसले. म्हणाले, "सगळ्यांना असंच वाटतं बाळ. वेळ चालू आहे." ती फेरी बाद झाली. परतीच्या गाडीत वडील म्हणाले की कारणं सांगू नयेत.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे वही घेऊन आली. त्या वहीत जे होतं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. प्रत्येक कोपऱ्याला एक पांढरा किंवा पिवळा चौकोन असतो. तो वर किंवा खाली असेल तर शून्य गुण, घड्याळाच्या दिशेनं वळलेला असेल तर एक, उलट दिशेनं वळलेला असेल तर दोन. आठही कोपऱ्यांची बेरीज करा. वरचा किंवा खालचा थर फिरवला तर काहीच बदलत नाही. बाकीची कुठलीही बाजू चतकोर फिरवली तर चार कोपऱ्यांपैकी दोघांना एक-एक मिळतो आणि दोघांना दोन-दोन, म्हणजे सहा वाढले. तीन झाले की पुन्हा शून्य, त्यामुळे बेरजेला कायम तीननं भाग जातो. एकटाच कोपरा फिरलेला असेल तर बेरीज एक किंवा दोन. तीननं भाग जात नाही. म्हणून हा क्यूब फिरवून तसा झालेला नाही. कोणीतरी तो उपटून चुकीचा बसवलाय.

खाली तिनं लिहिलं होतं : 'सिद्ध झाले.'

हा काही नवा शोध नाही, पुस्तकांत आहे. क्यूब पूर्ण सुटा करून डोळे मिटून जोडला तर बारापैकी अकरा वेळा तो न सुटणारा होतो, हे जाणकारांना माहीत असतं. पण आठवीतल्या मुलीला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि भरल्या हॉलमध्ये घड्याळ चालू असताना ती ते ठामपणे म्हणू शकली. माझ्या हिशेबी त्या दिवशी तिथे जमलेल्यांत क्यूब सर्वांत जास्त कोणाला कळला होता ते उघड आहे. सूत्रं पाठ असलेली मुलं तो क्यूब हातात आला असता तर तीच सूत्रं दहादा फिरवत बसली असती. मी पाठांतराच्या विरुद्ध नाही. वेगासाठी सूत्रं पाठ लागतातच, आणि पाढे पाठ केल्याशिवाय आपणही वाढलो नाही. पण सहा महिन्यांत 'ब्रेन पॉवर' वाढवून देणारे क्लास मुलांना तेवढंच देतात. मग वेळ कमी होईनाशी झाली की मुलं क्यूब ठेवून देतात. कपाटातले असे क्यूब मी पुष्कळ पाहिले आहेत.

वडिलांनी ती वही पाहिली. ते आज इथे आहेत. ते तिला काय म्हणाले ते त्यांच्या घरात राहू द्या.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. स्पर्धा जरूर ठेवा. मुलांना आपापले क्यूब आणू द्या. मंडळाचे वापरायचे असतील तर आदल्या दिवशी प्रत्येक क्यूब एकदा सोडवून बघा. मी आणि माझे दोन निवृत्त मित्र हे काम घेतो. पंच म्हणून मुलांनाच उभं करा, पालकांना दोरीच्या बाहेर ठेवा. एखाद्या मुलानं हात वर करून "हा सुटणार नाही" म्हटलं तर घड्याळ थांबवा आणि तो का सुटणार नाही ते त्याला विचारा. नीट सांगता आलं तर त्यालाही बक्षीस द्या. वर्गणीतून जमत नसेल तर ते बक्षीस माझ्याकडून. आणि सगळ्यात वेगवान मुलाला जेवढा मोठा कप द्याल, तेवढाच मोठा कप स्वतःच्या हातानं काही बनवून आणणाऱ्याला द्या. आपल्या घरांत करवत, एम-सील आणि पॉलिश पेपर यांची कमी नाही.

आरतीला अजून अर्धा तास आहे. मागच्या टेबलावर पाच क्यूब, एक मिरर आणि दोन स्क्रू-ड्रायव्हर ठेवले आहेत. पाचांपैकी एक मी मुद्दाम चुकीचा जोडला आहे. कोणता ते विचारू नका, शोधून काढा आणि मला सिद्ध करून दाखवा. स्प्रिंग उडून सतरंजीखाली गेली तर मिळेपर्यंत कोणी उठायचं नाही. आधी बालगोपाळ, मग आजोबा मंडळी, आणि स्टिकर सोलणाऱ्या महाभागांनी सगळ्यांत शेवटी यावं.